क्षमापत्रावर नेमकं काय मिळायचं?

१५१७ साली मार्टिन लूथर ज्यावरून पेटून उठला, ती क्षमापत्रं म्हणजे पैसे भरून पाप माफ करून घेतल्याची पावतीच ना? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कागदोपत्री तरी नाही. शाळेच्या पुस्तकातलं ‘स्वर्गाचं तिकीट’ सोपं आहे, पण त्यात खरी गोम हरवते.

कॅथलिक शिकवणीत पापाचे दोन हिशेब असतात. दोष धर्मगुरूपुढे पाप कबूल केल्यावर मिटतो. त्यापोटी भोगायची शिक्षा मात्र उरते. ती इथे प्रायश्चित्त करून फेडायची, नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा जिथे शुद्ध होतो तिथे. क्षमापत्र फक्त या दुसऱ्या हिशेबातली सूट होती. ती पूर्ण मिळवायची तर आधी पश्चात्ताप आणि पापकबुली, मग नेमून दिलेल्या सात चर्चना भेट, प्रत्येक ठिकाणी पाच वेळा ‘हे आमच्या बापा’ आणि पाच वेळा ‘नमो मारिया’ या प्रार्थना, आणि शेवटी पेटीत दान.

दानाचे दर ठरलेले होते. माइंझचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्या नावाने निघालेल्या सूचनापुस्तिकेत ते आहेत: राजेराण्या आणि आर्चबिशपांनी ऱ्हाइनचे २५ सुवर्ण गुल्डन, मठाधिपती आणि सरदारांनी १०, त्याखालच्या उमरावांनी ६, व्यापाऱ्यांनी ३, कारागिरांनी १. गरिबाने पैशाऐवजी प्रार्थना आणि उपवास करावेत, कारण स्वर्गाचं राज्य श्रीमंतांइतकंच त्याच्यासाठीही खुलं असावं, असंही त्यात आहे. वाचताना वाटतं, यात वावगं काय?

वावगं आहे ते मृतांच्या कलमात. १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथा याने क्षमेचा लाभ शुद्धिस्थानातल्या आत्म्यांनाही लागू केला होता. आल्ब्रेख्तच्या पुस्तिकेने स्पष्ट केलं की मेलेल्या आईबापांसाठी पैसे टाकणाऱ्याला स्वतः पश्चात्ताप किंवा पापकबुली करण्याची गरज नाही. सगळ्या अटी गळाल्या आणि पेटी तेवढी उरली. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन प्रचारक रडवायचा तो नेमका याच कलमावर: तुमचे आईबाप आगीत ओरडताहेत आणि तुम्ही खिसा सोडत नाही! क्षमापत्रांविरुद्ध लूथरने मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी (वादासाठीच्या विधानांपैकी) २७व्याचा रोख इथेच आहे.

पेटीतल्या पैशाची वाटही ठरलेली होती. एकाच वेळी अनेक धर्मपदं ठेवायची परवानगी आल्ब्रेख्तने रोमकडून मोठी रक्कम भरून मिळवली, त्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर पेढीचं कर्ज काढलं. पोप लिओ दहाव्याने त्याच्या प्रांतांत आठ वर्षं क्षमापत्रं वाटायला मुभा दिली. उत्पन्नाचा अर्धा भाग रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला, अर्धा फुगरच्या कर्जफेडीला. देणाऱ्या कारागिराला फक्त बांधकाम माहीत होतं. लूथरलाही हा व्यवहार तेव्हा ठाऊक नव्हता. म्हणून तर ३१ ऑक्टोबरला त्याने तक्रारीचं पत्र थेट आल्ब्रेख्तलाच धाडलं. (चर्चच्या दारावर त्याने प्रबंधांचा कागद ठोकला की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. पत्र मात्र स्टॉकहोममध्ये जपलेलं आहे.)

लूथर ज्याच्या राज्यात राहायचा तो सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) फ्रेडरिक याने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही, यात तत्त्व शोधू नका. विटेनबर्गला त्याचा स्वतःचा पवित्र अवशेषांचा संग्रह होता, १५०९च्या छापील यादीत पाच हजारांवर वस्तू, आणि त्यांच्या दर्शनालाही क्षमा जोडलेली होती. लोकांनी आपला पैसा दुसऱ्याच्या पेटीत का टाकावा? तरी विटेनबर्गकर हद्द ओलांडून यूटरबोकला जात आणि परत येऊन कागद दाखवत. पापकबुली ऐकणाऱ्या लूथरची पंचाईत तिथून सुरू झाली.

कॅथलिक बाजूने दुरुस्ती झाली, पण उशिरा. कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या ट्रेंट इथल्या परिषदेने जुलै १५६२ मध्ये फिरत्या दान गोळा करणाऱ्यांचं पदच रद्द केलं. डिसेंबर १५६३ मध्ये क्षमेची शिकवण कायम ठेवून त्यातली कमाई बंद करायला सांगितलं, आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचव्याने पैशाची अट असलेल्या क्षमा मागे घेतल्या. प्रोटेस्टंटांनी ही कल्पनाच टाकून दिली. कॅथलिकांकडे ती आजही आहे: २०२५च्या ज्युबिली (पवित्र) वर्षातही पापकबुली, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि नेमलेल्या चर्चची यात्रा अशाच अटी होत्या. दराचा तक्ता नव्हता.