मोजलेले आणि न मोजलेले चेंडू

गेल्या मे महिन्यात एका सोमवारी आमच्या धाकट्यानं डाव्या हातानं पोळी तोडली. माझी आई तेव्हा जळगावहून न्यू जर्सीला आमच्याकडे आली होती. जेवताना डावा हात ताटाला लागलेला तिला चालत नाही, म्हणून तिनं टोकलं. तो म्हणाला, "आजी, उजवा पूर्ण वळतच नाहीये." कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथं मी नुसतं बोट टेकवलं, तर त्यानं हात झटकन मागे घेतला.

तो ११ वर्षांचा आहे आणि लिटल लीगमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या लीगमध्ये, बेसबॉल खेळतो. पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. शनिवारी त्यानं ६२ चेंडू टाकले होते. स्कोअर मीच लिहीत होते, त्यामुळे आकडा पाठ आहे. त्याच्या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि ५१ ते ६५ टाकले तर पुढचे ३ दिवस पिचिंग बंद. २००७ पासून लिटल लीगमध्ये इनिंगऐवजी असे चेंडू मोजतात. शनिवारी सगळं नियमात बसलं होतं.

रविवारी तो दुसऱ्या, ट्रॅव्हल टीमकडून खेळला. तिथल्या कोचना शनिवारचा आकडा माहीत नव्हता आणि मीही सांगितला नाही. तो कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला, उभा राहणार होता, मग कशाला सांगायचं, असं मला वाटलं. पण कॅचर प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकतो. मॅचभर. शेवटी "थोडेसेच टाकेल" म्हणून त्याला माउंडवरही, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पाठवलं. संध्याकाळी परसात थोरल्याबरोबर पुन्हा फेकाफेकी. वहीत ६२ची नोंद होती, हातानं त्याच्या तिप्पट तरी फेक झेलली असेल.

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून शेजारी शेजारी लावले. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पट्टा असतो, तिथूनच हाड वाढतं. उजवीकडचा पट्टा डावीकडच्यापेक्षा रुंद दिसत होता. फेकताना कोपराची आतली बाजू जोरात ताणली जाते. मोठ्या माणसात त्या ताणाखाली लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, फाटतं, लहान मुलात लिगामेंटआधी ही कूर्चा उचकटते. याला 'लिटल लीग एल्बो' असंच नाव आहे. सहा आठवडे एकही चेंडू फेकायचा नाही, असं सांगितलं. वेळेत आलात, हेही सांगितलं.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन उमगत नाही. बोलरचा हात जवळजवळ सरळ फिरतो, आणि वेगवान बोलरची जाते ती बहुतेकदा पाठ. बेसबॉलमध्ये कोपर वाकलेलं असतं आणि चाबकासारखं सुटतं. व्यावसायिक पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगानं फिरतो. टॉमी जॉन या पिचरवर १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी कोपराच्या लिगामेंटच्या जागी दुसऱ्या हाताचा स्नायुबंध बसवला, तो त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. ती गोष्ट ऐकून इथले काही पालक ऑपरेशनकडे गाडीच्या सर्व्हिसिंगसारखं पाहतात. मैदानाच्या कुंपणाशी उभं राहून मी ते ऐकलंय आणि मला त्याचा राग येतो. टॉमी जॉन तेव्हा तिशी ओलांडलेला खेळाडू होता. ही मुलं अजून दुधाचे दात पाडतायत.

मला जास्त लागलं ते यासाठी, की हे मी स्वतः भोगलंय. शाळेत असताना मी जळगावात सॉफ्टबॉलची पिचर होते. सॉफ्टबॉलमध्ये हात विंडमिलसारखा गोल फिरवून चेंडू खालून सोडतात. "खालून टाकायचं, त्यात हाताला काय होणार?" असं आमचे सर म्हणायचे आणि स्पर्धेत एका दिवसात मी तीन-तीन मॅच टाकायचे. खरं तर त्या फेरीत खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाचा स्नायू जिथं जोडलेला असतो तिथं, वरून टाकणाऱ्यांच्या तोडीचा ताण येतो. आजही फळीवरचा डबा काढताना माझा खांदा तिथंच धरतो.

धाकटा घरी बसला त्या सहा आठवड्यांत मी वाचत राहिले. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटनं २००६ साली ऑपरेशन झालेले तरुण पिचर आणि धडधाकट पिचर यांची तुलना केली होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिच करणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता ५ पट होती. हात थकलेला असतानाही वरचेवर टाकणाऱ्यांत ३६ पट. हा दुसरा आकडा मी फ्रिजवर चिकटवलाय.

म्हणून आता मी चेंडूंइतकंच थकव्याकडे पाहते. धाकटा थकला की त्याचे चेंडू वर जायला लागतात, कोपर खांद्याच्या खाली उतरतं, दोन चेंडूंमध्ये तो टोपी काढत-घालत राहतो. तिसरी टोपी झाली की मी कोचना खूण करते, आकडा ४० असला तरी. वळणारा कर्व्हबॉल नाही, फक्त सरळ वेगवान फास्टबॉल आणि त्याच फेकीतला हळू चेंजअप. आधी पळणं, कंबर मोकळी करणं, जिन्याच्या कठड्याला बांधलेल्या रबरी पट्ट्यानं खांदे, आणि अंग गरम झाल्यावरच चेंडू हातात. एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा व्यायाम त्याला कंटाळवाणा वाटतो, पण फेकीची ताकद पायांतून आणि कमरेतून येते. पाय ढिले पडले की सगळा भार कोपरावर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हात पूर्ण बंद. हिवाळ्यात इनडोअर पिचिंगचे क्लास भरतात, सगळे मित्र जातात. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग पोहायला जायला लागला.

मोजायला मी आईचा नामजपाचा काउंटर घेतला, बोटात अंगठीसारखा घालायचा. परत जाताना ती तो माझ्याकडेच ठेवून गेली. दोन्ही टीम, कॅचरची फेक, परस, सगळं त्यावर चढतं आणि रात्री वहीत उतरतं. दोन्ही कोचना रविवारी सकाळी एकच मेसेज जातो.

माझी भाची जळगावात सॉफ्टबॉल खेळते, तीही पिचर. दादाला विचारलं, ती दिवसाला किती टाकते? "मोजत कोण बसतं?" तो म्हणाला. आईनं देवळाजवळच्या दुकानातून तिला तसाच काउंटर आणून दिला. काल दोन मॅच धरून ११८ झाले, खांदा पुढून दुखतोय, असं तिनं रात्री कळवलं. "आत्या, सरांना मी सांगू की बाबांनी?" मी म्हटलं, तूच सांग, आकडा दाखव. आज तिनं पिचिंग केलं नाही, फर्स्ट बेसवर उभी राहिली.