पाणी किती लागतं?

बाप्तिस्म्याचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हा विषय आपण होऊन काढत नाही. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. गोव्यात फोंड्याला येऊन एकतीस वर्षं झाली आणि त्यातली सव्वीस हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली. वॉर्डात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो: "सिस्टर, तुमच्यात बाप्तिस्मा करतात त्यात पाण्यानं नेमकं होतं काय?" दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीनं नदीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून त्याला दुसरा प्रश्न चिकटला. तुमचा लहानपणी झाला, तोही डोक्यावर पाणी शिंपडून. मुलीचा बाविसाव्या वर्षी, बुडवून. मग खरा कुठला?

मुलीपासूनच सुरुवात करते. जानेवारीतली सकाळ होती, खांडेपारच्या नदीवर धुकं होतं. आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचा चर्चचा समुदाय, लहान; वीसेक माणसं काठावर उभी होती. शेजारच्या काकीही आल्या होत्या. त्यांचं घराणं मंगेशीचं, देवाच्या जत्रा-पालख्या कधी चुकवत नाहीत. पण आमच्या मुलीला त्यांनी तिच्या जन्मापासून अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्या एक जाड टॉवेल आणि स्टीलची रिकामी बाटली घेऊन आल्या होत्या. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, कंबरभर पाण्यात उभे होते. त्यांनी मुलीला विचारलं, येशू ख्रिस्त तुझा प्रभू आणि तारणारा आहे असं तू मनापासून मानतेस का? ती "होय" म्हणाली. आवाज कापत होता; थंडीनं की कशानं, देव जाणे. मग त्यांनी एक हात तिच्या पाठीशी धरला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणत तिला मागे आडवं केलं, आणि क्षणभर माझ्या मुलीच्या जागी नुसतं हलणारं पाणी दिसलं. मी आई आहे. तो क्षण मला फार लांब वाटला. मग ती वर आली, केस तोंडावर चिकटलेले, ठसका लागलेला.

काकींनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाय, हें उदक घरा व्हरपाचें न्ही?"

मी म्हटलं, काकी, न्यायची गरज नाही. ह्याच नदीचं पाणी ओपाच्या प्रकल्पातून तुमच्या-आमच्या नळाला येतं. पाळकसाहेबांनी पाण्यावर काही म्हटलं नाही, त्याचं तीर्थ झालेलं नाही. काकींच्या चेहऱ्यावर खरोखरचं कोडं उमटलं. पाण्यात काही नाही, तर मग एवढ्या थंडीत पोरीला पाण्यात घातलीत कशाला?

हाच नेमका प्रश्न आहे, आणि तो काकींनी माझ्यापेक्षा सरळ विचारला.

आपल्याकडे पाणी म्हटलं की आधी स्नान आठवतं. वसईकडचे कॅथलिक लोक बाप्तिस्म्याला स्नानसंस्कारच म्हणतात. पण स्नान आपण रोज करतो, पर्वणीचं स्नानही पुन्हापुन्हा करतो. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. का? तर त्याचा मूळ अर्थ धुणं इतकाच नाही, मरणं असा आहे, आणि माणूस एकदाच मरतो. प्रेषित पौलानं रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं की बाप्तिस्म्यानं आपण ख्रिस्ताबरोबर त्याच्या मरणात पुरले गेलो, ते अशासाठी की तो जसा मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. आमच्यात माणसाला पुरतात. मुलीला पाण्यात उताणी आडवी केली ते थडग्यात ठेवतात तसंच, आणि वर उचललं ते पुनरुत्थान. म्हणून मला तो क्षण लांब वाटला. येशूचा शिष्य पेत्र तर स्पष्टच लिहितो की हे अंगाचा मळ काढणं नव्हे, चांगल्या मनानं देवाकडे केलेलं मागणं आहे.

पाणी भारी असावं लागत नाही, हे बायबलात फार आधी येतं. नामान नावाचा अरामी सेनापती, त्याला कोड होता. अलीशा संदेष्ट्यानं त्याला यार्देन नदीत सात बुचकळ्या मारायला सांगितलं तर तो रागावला, म्हणाला आमच्या दिमिष्काच्या नद्या ह्याहून चांगल्या आहेत. शेवटी नोकरांनी समजावलं, उतरला आणि बरा झाला. त्याच यार्देनेत पुढे योहान लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता आणि येशू तिथे गेला. योहान संकोचला, मीच तुझ्याकडून घ्यायला हवा, म्हणाला. तरी येशू त्या गर्दीत उतरला, पाप कबूल करायला आलेल्या माणसांमध्ये. बाप्तिस्म्याचं महत्त्व मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी ह्या गर्दीकडे बोट दाखवते. आपण पाण्यात उतरतो तेव्हा तो आधीच तिथे उभा असतो.

आता अवघड गोष्ट. गोव्यात हा शब्द काढला की समोरच्याच्या मनात दुसराच शब्द येतो: बाटवणं. विहिरीत पाव टाकला नि सगळा वाडा बाटला, ही गोष्ट मी इथे कितीतरी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली. तीही पाण्याचीच गोष्ट आहे. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावानं हुकूम निघाला की आईबाप नसलेली हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा द्यावा. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, ते कायमचं उठायला १८१२ उजाडलं. काकींचा देव मंगेश त्याच सुमाराला कुठ्ठाळीहून, जुवारी ओलांडून प्रियोळला आला. काकी हे सांगताना चिडत नाहीत, पण त्यांचा स्वर बदलतो. त्या नदीकाठी माझ्या मुलीसाठी टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या, ते हे सगळं मनात असूनच.

मला ह्याचं दुःख आहे आणि मी ते लपवत नाही. येशूनं शेवटी शिष्यांना पाठवलं ते सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करायला आणि बाप्तिस्मा द्यायला. शिष्य करा हे आधी आहे. शिष्य आपल्या पायांनी मागे येतो, त्याला ओढून आणत नाहीत. पोरक्या मुलाला धरून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं तर माझ्या लेखी ते पाणी ओलंसुद्धा करत नाही. मूळ इंग्लंडच्या, १५७९ साली इथे आलेल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि १६१६ साली ती रायतूरला छापली गेली. इथल्या लोकांच्या तोंडची भाषा आणि ओवी त्यांनी मनापासून आपलीशी केली, त्याबद्दल मला आदर आहे. तरी मनात येतंच, ह्या ओव्या अनेकांच्या कानी पडल्या त्या पाणी पडून गेल्यानंतर.

ह्याच्या शेजारी मी माझ्या नगरकडची गोष्ट ठेवते. कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, नातलग तुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. पाच वर्षं गेली, त्यांचा स्वतःचा झगडा झाला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनानं. नवऱ्याचा बाप्तिस्मा बायकोला चालला नाही, हे मला त्या दोघांच्या प्रेमाइतकंच मोठं वाटतं.

म्हणूनच आमच्या मुलीचा आम्ही लहानपणी केला नाही. माझे यजमान सांगलीकडचे, त्यांच्या मंडळीत स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं, मुलांचं मुलांनी ठरवावं. ह्या मताची माणसं युरोपात एके काळी जिवाला मुकली आहेत. झुरिकमध्ये फेलिक्स मांझ नावाच्या माणसाला मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा देण्याच्या गुन्ह्यासाठी ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मात नदीत बुडवून मारलं. मारणारेही ख्रिस्तीच होते. ह्या वादात कुणी आवाज चढवला की मला ती नदी आठवते आणि मी गप्प बसते.

कारण दुसरी बाजूही मी जगले आहे. माझा अंगावरच्या दुधाच्या वयात नगरच्या ख्रिस्ती देवळात बाप्तिस्मा झाला. मला त्यातलं काही आठवत नाही. आई सांगायची, पाणी पडलं तशी मी किंचाळले आणि पाळकसाहेब हसले. पुढे सतराव्या वर्षी दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वेळी मी माझ्या तोंडानं "होय" म्हटलं. गोव्यातल्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरी बावतिज्म होतो तेव्हा पाद्रीन आणि माद्रीन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, बाळाच्या वतीनं बोलतात, बाळाला पांढरं घालतात, मेणबत्ती पेटवतात. त्यांचं म्हणणं असं की बाळ काही करत नाही, देव करतो. हे चूक आहे असं मला कधीच म्हणवलं नाही. मी बोलायला शिकण्याआधी आईनं मला नावानं हाक मारली होतीच की.

आणि पाण्याच्या मापाचं म्हणाल, तर ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं असा आहे, हे खरं. पण ख्रिस्ती मंडळीचं डिडाखे म्हणून एक फार जुनं शिकवणीचं पुस्तक आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. त्यात सांगितलंय की वाहतं पाणी घ्यावं; नसेल तर दुसरं चालेल; गार जमत नसेल तर कोमट; आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. वॉर्डातली मोठी सिस्टर बोलावी तसं ते आहे.

बाप्तिस्मा झाला नाही तर देव टाकून देतो का, हेही विचारतात. वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराला कुणी पाण्यात घातलं नव्हतं, तरी आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं त्याला ऐकायला मिळालं. त्यामुळे मी देवाला नियम शिकवत नाही. पण ज्याचं मन येशूकडे लागलंय आणि वाटेत पाणी आहे, त्यानं का थांबावं? प्रेषितांच्या कृत्यांत एक हबशी अधिकारी आहे. रथात बसून तो यशयाचं पुस्तक वाचत असतो, फिलिप्प त्याला येशूबद्दल सांगतो, आणि रस्त्याकडेला पाणी दिसताच तोच म्हणतो, हे पाणी, आता मला अडचण कसली? त्याची घाई मला आवडते.

आता जे मी फारशी कुणाला सांगत नाही ते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली रात्रपाळी. नऊशे ग्रॅमचं बाळ काचेच्या पेटीत होतं, श्वास मध्येच थांबायचा. डॉक्टरांनी आईबापांना सगळं सांगून झालं होतं. आई सासष्टीची, कॅथलिक. पाद्रींना निरोप गेला होता, पण ते पोचेपर्यंत वेळ नव्हता. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, सिस्टर, तुम्ही द्या. कॅथलिक मंडळीचा नियमच आहे की जीव जात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी हवं, ते शब्द हवेत आणि मंडळी करते तेच करण्याचा हेतू हवा. मला नियम माहीत होता. आमच्या मंडळीत बाळाला देत नाहीत हेही माहीत होतं. पण त्या वेळी ह्यातलं काही मनात आलं नाही. मी निर्जंतुक पाण्याची कुपी फोडली, सिरिंजमध्ये घेतलं, सुई काढून टाकली आणि सिरिंज मुठीत धरून कोमट केली. आईनं नाव सांगितलं. पेटीच्या खिडकीतून हात घालून मी त्या लिंबाएवढ्या कपाळावर तीनदा पाणी सोडलं आणि शब्द म्हटले. पाणी कानामागे गेलं ते कापसानं टिपलं. बाळानं कपाळाला आठी घातली.

पहाटे चारला ते गेलं.

सकाळी पाद्री आले. आधी आईजवळ बराच वेळ बसले, मग माझ्याकडे आले. पाणी कातडीवरून वाहिलं का आणि शब्द कोणते म्हटले, एवढंच त्यांनी विचारलं. मी कुठल्या मंडळीची, हे विचारलं नाही. त्यांच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत लिहायचं म्हणून माझं पूर्ण नाव कागदावर उतरवून घेतलं. पाणी किती होतं तेही त्यांनी विचारलं नाही. पाच मिलिलीटर होतं.