तेल पाजलेली जीप

मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा म्हणजे आमच्या गॅरेजमध्ये गाडी खालून बघायचे दिवस. गाडी वरून चकाचक करून मागणारे वर्षभर येतात. पाऊस तोंडावर आला की रत्नागिरीत सगळ्यांना एकदम गंज आठवतो. अशाच एका दुपारी जयगड बंदराच्या बाजूचे एक निवृत्त तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, नातवाला घेऊन आले. बारा-तेरा वर्षांची जीपगाडी, शिडीसारखी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि मागे कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या. तक्रार एवढीच, की रात्री उजेड पडत नाही आणि खड्ड्यात मागून कुईकुई आवाज येतो.

उजेडाचं कारण समोरच होतं. नातवाने मोबाइलवर बघून दिव्यांना टूथपेस्ट घासली होती. हल्लीच्या दिव्यांची काच म्हणजे काच नसते, ते पॉलिकार्बोनेट असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातून त्यावर एक कडक संरक्षक थर देऊन पाठवतात. टूथपेस्टमध्ये दात घासायला जी बारीक पूड असते, ती पिवळेपणाबरोबर उरलासुरला थरही खरवडून काढते. त्या दिवशी दिवा लख्ख दिसतो आणि व्हिडिओ तिथेच संपतो. उघडं पडलेलं प्लास्टिक थोड्याच दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त पिवळं होतं, ते दाखवायला कुणी परत कॅमेरा लावत नाही. असे व्हिडिओ करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर, धो धो पावसात, अर्ध्या उजेडाने गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी हा खेळ आहे.

दिवे मी स्वतः केले. आठशे नंबरच्या पाणीकागदापासून, म्हणजे ओला करून घासायच्या पॉलिश कागदापासून सुरुवात, मग हजार, दोन हजार, तीन हजार. एका कागदाचे ओरखडे आडवे असतील तर पुढचा उभा मारायचा, म्हणजे आधीचे गेले की नाही ते दिसतं. कागद सतत ओला ठेवायचा. मग चकाकी आणणारी कंपाउंडची पेस्ट, आणि शेवटी अतिनील किरणं अडवणारा पारदर्शक क्लिअर कोट. हा शेवटचा थर दिला नाही तर आपल्या कामात आणि टूथपेस्टमध्ये फरक राहत नाही. आमच्या धंद्यातलेही काही जण तो देत नाहीत आणि पैसे पूर्ण घेतात.

मग गाडी रॅम्पवर घेतली, आणि ज्याच्यासाठी मी हे लिहितोय ते दिसलं.

सगळा तळ काळाकुट्ट होता. बोटभर जाड, तेल आणि तांबडी माती यांचा लगदा. तांडेलकाका म्हणाले, "दरवर्षी पावसाआधी जळकं तेल मारतो. इंजिनातून काढलेलं. फुकट मिळतं."

हा प्रकार नवा नाही. किनारपट्टीवर बरेच जण करतात, आणि गाडी धुणारे काही जण तर डिझेलचा फवारा मारून वर पैसेही घेतात. मी पट्टी घेऊन चासीवरचा लगदा खरवडला. बारा पावसाळे खाल्लेली, खारी हवा खाल्लेली, मासळीच्या पेट्या वाहिलेली गाडी. खाली पापुद्रे निघणार, असंच धरून चाललो होतो. पण खाली कारखान्याचा काळा रंग जसाच्या तसा होता. हातोडीने ठोकत गेलो, सगळीकडे खणखणीत आवाज. इतक्या वर्षांची, बंदरावर फिरलेली चासी एवढी निरोगी मी क्वचितच बघितली आहे.

काका बघत होते. म्हणाले, "लाकडी होडीला आम्ही मुशीचं, शार्क माशाचं, तेल पाजायचो. लोखंडाला का नको?"

त्यांचं तर्कशास्त्र बरोबर आहे. मिठाला हवेत साधारण पंचाहत्तर टक्क्यांवर आर्द्रता मिळाली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने हवा त्याच्या वरच असते. म्हणजे तळाला बसलेलं मीठ पाऊस नसतानाही पत्रा भिजवत राहतं. तेलाचा थर त्या ओलाव्याला लोखंडापर्यंत पोचू देत नाही. हे मला त्यांच्यापुढे मान्य करावंच लागलं.

पण मग मी त्यांना मागे नेलं. कमानपाट्यांच्या सांध्यांतले रबरी बुश तेलाने फुगून लिबलिबीत झाले होते, बोटाने दाबले तर दबत होते. कुईकुई तिथून होती. बॉडीखालच्या रबरी गाद्यांची तीच गत. दाराखालच्या पेटीला पाणी बाहेर पडायला भोकं असतात, ती त्या लगद्याने बंद झाली होती. पाणी आतच राहिलं, आणि आत तेल कधी पोचलंच नव्हतं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्र्यातून आरपार गेला. नातू दचकला. काका काही बोलले नाहीत.

पेट्या कापून नवीन पत्रा वेल्ड करायचं ठरलं, बुशही नवे. तेल बंद करा म्हटल्यावर मात्र ते ऐकेनात. बुश काय, परत बदलता येतात, म्हणाले. तेव्हा मी विचारलं, तेल मारता कुठे? तर अंगणात, विहिरीच्या अलीकडे. जांभा सच्छिद्र असतो, वरचं खाली झिरपायला वेळ लागत नाही. जळक्या तेलात काजळी असते, आम्ल असतं, धातूचा कीस असतो. कायद्याने तो घातक कचरा धरला जातो, आणि तो पुनर्वापराचा परवाना असलेल्यांकडेच द्यायचा असतो. गॅरेजवाले तो कॅनमध्ये भरून कुणालाही देतात, यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं आमच्यात कुणाला वाटत नाही. विहिरीचं ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अंगणात नाय मारणार आता."

मी सांगितलं, कुठेच मारू नका. पावसाळ्यात गोड्या पाण्याने तळ धुवा, भोकं तारेने मोकळी ठेवा. पोकळ्यांत लांब नळीने गंज रोखणारं मेण मारून देतो, चासीवरही तेच, रबर झाकून. त्यावर त्यांनी विचारलं, "तुझं मेण मारलेली बारा वर्षांची गाडी दाखव. बंदरावर फिरलेली."

माझ्याकडे ती नाही. गिऱ्हाईक एकदा मारून घेतं आणि दुसऱ्या वर्षी येत नाही. मेण दर एक-दोन वर्षांनी तपासून पुन्हा द्यावं लागतं, हे मी प्रत्येकाला सांगतो. तांडेलांनी मात्र एकही वैशाख चुकवला नव्हता. चासी तेलाने टिकली की त्या नेमाने, हे मला अजून नीट सांगता येत नाही. साधं गोडं पाणी एवढ्याच नेमाने मारलं असतं तर काय झालं असतं, तेही नाही.

शेवटी नव्या पेट्यांमध्ये मेण गेलं. बुश आणि ब्रेकच्या आसपासचं तेल मी डिग्रीजरने काढलं. उरलेल्या चासीवरचं जुनं तेल त्यांनी काढू दिलं नाही, आणि मीही फार जोर केला नाही, कारण त्याखालचा रंग मी डोळ्यांनी बघितला होता. पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा रॅम्पवर घेऊन मेणाच्या पेट्या आणि तेलाची चासी, दोन्ही तपासून बघायचं ठरलं आहे. तोवर नवं जळकं तेल मारायचं नाही, हे त्यांनी नातवासमोर कबूल केलंय.