सात खोल्या, एक कबुतरखाना आणि मोरी

जाहिरात नवऱ्याने पाठवली ती रात्री साडेअकराला, तीही मी शेजारच्याच खोलीत असताना. ‘प्रशस्त कौटुंबिक घर, सात खोल्या, धान्याचं कोठार, कबुतरखाना, पाऊण हेक्टर जमीन. फीजाक पंधरा मिनिटांवर.’ किंमत आमच्या फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटएवढी. खाली त्याने फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘नुसतं बघून येऊ.’

नुसतं बघून येऊ म्हणत आमच्या घरात आजवर दोन सोफे आणि एक गाडी आली आहे.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी कणकवलीहून आल्या होत्या. त्यांना घेऊन शनिवारी निघालो. तुलूझहून उत्तरेला दोन-सव्वादोन तास गेलं की लो जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग लागतो. (फ्रेंच लोक नावाच्या शेवटी एक ‘ट’ लिहितात आणि तो म्हणत नाहीत. इथे राहून याची सवय होते.) हा जिल्हा आकाराने जवळपास आपल्या सिंधुदुर्गाएवढा, सव्वापाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पण सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं, इथे पावणेदोन लाख. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथेही जवळजवळ तीन लाख होती. मग फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे झोपवले, लोक शहरांकडे गेले, पहिल्या महायुद्धात तरुण गेले. चुनखडीची ही घरं तशीच मागे राहिली.

आधी फीजाकला थांबलो, कारण शनिवारी तिथे बाजार भरतो. हे शांपोलियाँचं गाव, इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्याचं. तो १७९० साली इथे जन्मला. एका छोट्या चौकात, जिच्यावरून ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिलेची अवाढव्य प्रतिकृती जमिनीवर आडवी घातली आहे, काळ्या ग्रॅनाइटची, १९९१ मध्ये बसवलेली. त्यावरून लोक सरळ चालतात. सासूबाईंनी मात्र चप्पल काढली. अक्षरांवर पाय ठेवायचा नाही, मग ती कुणाचीही असोत. बाजारात बकरीच्या दुधाचं चपट्या पेढ्याएवढं चीज मिळतं, ते त्यांनी एक तुकडा खाऊन परत दिलं आणि अक्रोड दोन किलो घेतले.

घर गावाबाहेरच्या वाडीत होतं. एजंट बाई दारात उभ्या होत्या. केर्सी, म्हणजे या जिल्ह्याच्या जुन्या प्रांताच्या भागातल्या जुन्या घरांची ठेवण अशी की खाली गुरं आणि दारूची पिंपं, माणसं वरच्या मजल्यावर. वर जायला बाहेरून दगडी जिना आणि जिन्याच्या टोकाला छपराची पडवी. तिला इथे ‘बोले’ म्हणतात. सासूबाई त्या बोलेवर टेकल्या आणि म्हणाल्या, “बसायला जागा झाली.” नवऱ्याच्या चेहऱ्यावर निम्मा सौदा झाल्याचा आनंद.

भिंती हातभर जाडीच्या, चुलाण्यात उभं राहता येईल एवढी मोठी शेकोटी. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक अंधारी, लहानशी खोली. एजंट बाईंनी तिथे आवाज जरा खाली आणला. ही ‘सुइयार्द’, म्हणाल्या, अस्सल, हल्ली लोक काढून टाकतात. आत एकाच दगडातून कोरलेलं उथळ सिंक, मधोमध घासून गुळगुळीत झालेलं, आणि त्याचं पाणी भिंतीतून आरपार बाहेर सोडलेलं. बाहेर भिंतीवर त्या पाण्याचा काळा ओघळ अजून दिसतो.

“ही तर मोरीच गो!” सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना. एजंट बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्यांच्या घरातही अशीच आहे. त्या फारच प्रभावित झाल्या.

मग कागद. इथे विकणाऱ्याला तपासण्यांची अख्खी फाइल करून द्यावी लागते: शिसं, ॲस्बेस्टॉस, वाळवी, वीज, आणि घर किती ऊर्जा खातं याची ‘ए’ ते ‘जी’ श्रेणी. या घराची ‘एफ’. तापवायला जुना तेलाचा बॉयलर, आणि २०२२ च्या जुलैपासून नवीन तेलाचा बॉयलर बसवताच येत नाही. सेप्टिक टँक नियमात बसत नव्हता. म्हणजे घेतल्यावर वर्षभरात नवा करायचा, आपल्या खर्चाने. नोतेरचा, म्हणजे दस्त करणाऱ्या सरकारमान्य अधिकाऱ्याचा खर्च जुन्या घराला सात-आठ टक्के, त्यातला मोठा वाटा सरकारी कर. जमीन असल्यामुळे आधी साफेर या संस्थेला कळवायचं. शेतजमीन शेतीतच राहावी म्हणून दोन महिन्यांच्या आत ती स्वतः घ्यायचा हक्क तिला आहे. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तशातला प्रकार. एक मात्र मला आवडलं: प्राथमिक करारावर सही केल्यावर घेणाऱ्याला दहा दिवस मिळतात, कारण न देता माघार घ्यायला. विकणाऱ्याला नाही.

“पण एवढं घर विकतायत का?” हा प्रश्न सासूबाईंचा.

तीन भावंडं, एजंट बाई म्हणाल्या. एक बोर्दोला, एक कॅनडात, एक इथेच जवळ. वडील गेल्यावर घर तिघांच्या नावे सामाईक, ‘एंदिविझियाँ’. मी भाषांतर करायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, “भाऊबंदकी.”

पण इथला कायदा, १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासून, असं म्हणतो की कुणालाही सामाईकात राहायची सक्ती करता येत नाही. एकाला बाहेर पडायचं असलं तर तो कोर्टात जाऊ शकतो, म्हणून बाकीचे बहुधा आधीच नोतेरसमोर बसतात. हे ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या कणकवलीच्या घराच्या सातबाऱ्यावर १९ नावं आहेत. वाटपाचा दावा आपल्याकडेही लावता येतोच. लावतो कोण? तोपर्यंत कौलं उतरतात.

निघताना मी वाडीत एक फेरी मारली. सहा घरं, त्यातल्या चारांच्या खिडक्यांच्या फळ्या बंद. उन्हाळ्यात येतात, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. पावाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, हॉर्न वाजवते. बाकी दिवस? त्यांनी खांदे उडवले आणि मला तीन अंजिरं दिली.

परतीच्या वाटेवर नवरा कोठाराचं काय करता येईल ते बोलत होता. मी सेप्टिक टँकची बेरीज करत होते, आणि फेब्रुवारीत त्या बोलेवर कोण बसणार याची. कायॉरपर्यंत दोघंही थकलो. घर घेतलं नाही. जाहिरात अजून आहे, मध्ये किंमत एकदा उतरली, ते मला माहीत आहे कारण मीही अधूनमधून बघते.

सासूबाई नोव्हेंबरात परत गेल्या. परवा फोनवर विचारलं, काय चाललंय? तर म्हणाल्या, चुलत दिरांकडे जाऊन आले, गोरेगावच्या आणि डोंबिवलीच्या दोघांना फोन केले. १९ पैकी सात जण सहीला तयार आहेत. आठवा म्हणतो, आधी मोरी दुरुस्त करा.