ऐरोली ते सीवूड्स: रोहित पाहायचे तर आधी पंचांग काढा

ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, पाहायला बहुतेक मंडळी रविवार बघून निघतात. मग ओहोटीच्या वेळी पोचून मैलभर चिखल आणि त्यापलीकडे एक पुसट गुलाबी रेघ एवढंच पदरात पडतं. पक्षी असतात, पण भलतीकडे पांगलेले. इथे वार नाही, पाणी बघून निघायचं.

भरतीची वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशोब अजून चालतो. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत आत पाणी चढायला वेळ लागतो, म्हणून ऐरोलीसाठी अर्धा तास पुढे धरा. मोबाइलवरचा भरतीचा तक्ता जास्त नेमका असतो हे खरं, पण महिनाभर आधी तारीख ठरवायला कॅलेंडरवरची तिथी पुरते.

एका दिवसात दोन्ही ठिकाणं, म्हणजे ऐरोलीच्या फ्लेमिंगो केंद्राची बोटफेरी आणि सीवूड्सचा डीपीएस तलाव, करायची तर चतुर्दशी किंवा पौर्णिमा-अमावास्या उत्तम. उधाणाचं पाणी सगळा चिखल झाकतं आणि तेही दुपारच्या आत. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या भरतीला, येऊ नका. भर दुपारी ओहोटी असते. महिने जानेवारी ते एप्रिल. नोव्हेंबरात थवे यायला लागतात, पण पहिल्या पाहुण्यांसाठी एवढी धावपळ करण्यात अर्थ नाही. फाल्गुनी पौर्णिमा होळीमुळे सोडा. सोमवारी ऐरोलीचं केंद्र बंद असतं, तेही तिथीबरोबर ताडून पाहा.

ठाण्याच्या ९ किंवा १० नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल धरा. ऐरोलीला उतरून रिक्षावाल्याला ‘ऐरोली पुलाजवळचं फ्लेमिंगो केंद्र’ सांगा. ‘जैवविविधता केंद्र’ म्हटलं तर तो दुसऱ्याला विचारत बसेल. बोटीचं आरक्षण आधीच करा आणि वेळ विचारताना ‘त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता?’ हेही विचारून घ्या. बोटीला पाणी लागतं, पक्ष्यांना चिखल. दोन्ही एकत्र मिळतं ते भरती चढत असताना, पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी. ती फेरी मागा. ऐन भरतीच्या फेरीत बोट मजेत फिरते, पण चिखल बुडालेला असतो आणि पक्षी उठून गेलेले.

सकाळी ऊन नवी मुंबईच्या बाजूने येतं, तेव्हा बोटीतून भांडुप-मुलुंडच्या दिशेने तोंड करून बसा, रंग खुलतो. पलीकडच्या भांडुपच्या काठावरून पाहायचं असेल तर उलट, दुपारनंतर जा. दोन जाती शेजारी शेजारी चरतात. धाकटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. थोरला उंच, जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. राखाडी दिसतात ती पिल्लं. धाकट्याची चोच चिखलाच्या पाण्यात उलटी फिरत असते, नीलहरित शेवाळ गाळून घेत. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की थवा उडणार. नावाड्याला तेव्हाच इंजिन बंद करायला सांगा. ‘अजून जवळ घ्या हो’ म्हणणारा एक तरी बोटीत असतोच, त्याला आवरा.

बोटीतून उतरलात की रेंगाळू नका. ऐरोलीहून पनवेलची गाडी पकडून सीवूड्स-दारावेला उतरा. वाशीची आली तर तुर्भ्याला बदला, कारण ती पुढे सानपाड्याकडे वळते. सीवूड्सहून रिक्षाने डीपीएस तलाव. खाडीतला चिखल बुडाला की थवे विश्रांतीला अशा उथळ तलावांत येतात, म्हणून इथली वेळ ऐन भरतीची आणि त्यानंतरच्या तास-दीड तासाची. काठावरूनच दिसतात, तिकीट नाही. तलावात पाणी खाडीतून येतं. ते तोंड बुजलं तर तळ सुकतो आणि पक्षी फिरकत नाहीत. तसं दिसलं तर जवळच्या चाणक्य पाणथळीकडे मोर्चा वळवा.

८ बाय ४२ ची दुर्बीण पुरे. कॅमेऱ्याला ३०० मिमीची लेन्स हवी, मोबाइलवर नुसते ठिपके येतात. ड्रोन घरी ठेवा. २०१५ पासून खाडीचा हा पट्टा अभयारण्य आहे. बोटीवर सावली असली तरी पाण्यावरून ऊन उलटं येतं, टोपीखालूनही तोंड भाजतं. चिखलाला कुजकट वास येतो, तो कांदळवनात पाला कुजल्याचा. नाल्याचं पाणी वेगळं, तेही खाडीत येतंच म्हणा.

रविवारीच जमत असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक पाहा. ट्रान्स-हार्बर बंद असली की ऐरोली ते सीवूड्स रस्त्याने करावं लागतं आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. जेवण ठाण्याला परतून मामलेदारची मिसळ. तिखट सांगण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाक पाहून घ्या.