एरंडोलचा खासदार गेला कुठे?

निवडणूक आली की हा प्रश्न येतोच. "सर, तुम्ही पारोळ्याचे. मग तुमची लोकसभा जळगाव की एरंडोल? आणि एरंडोल होती, तर ती बंद का पडली?" तुम्हीही परवा विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. आधी सांगतो, उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा जळगावबद्दलचाच गोंधळ वाढतो.

बंद काही पडलं नाही, पाटी बदलली. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्याने आखले आणि 2009 ची लोकसभा त्या आखणीवर झाली. महाराष्ट्राच्या जागा 48 च्या 48 राहिल्या, पण कराड, खेड, पंढरपूर, इचलकरंजी, मालेगाव अशी कितीतरी नावं पुसली गेली. त्यातच एरंडोल गेलं. जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेचा आमचा मुलूख, म्हणजे अमळनेर, पारोळा, एरंडोल, हा जळगाव शहराला जोडून 'जळगाव' झाला. आणि पूर्वेचा यावल-रावेरचा केळीचा पट्टा, जो तोवर 'जळगाव' म्हणून मत देत होता, तो 'रावेर' झाला. त्याला वर बुलढाण्याचं मलकापूरही जोडलं.

म्हणजे एरंडोल गेलं, पण खरं हललं ते जळगाव. टीव्हीवरचे जाणकार 'जळगाव लोकसभेचा इतिहास' म्हणून 1977 पासूनची नावं एका दमात वाचतात ना, तेव्हा मला बसवत नाही. 2009 च्या आधीचं जळगाव आणि नंतरचं जळगाव ही दोन वेगळी माणसं आहेत, नाव तेवढं एक.

आता आमच्या एरंडोलचं. 1977 ला जनता पक्षाचे सोनूसिंग धनसिंग पाटील निवडून आले आणि मोरारजींच्या सरकारात गृह राज्यमंत्री झाले. 1980 ला लाट फिरली, काँग्रेसचे विजय नवल पाटील आले, 1984 लाही तेच.

1989 वर मात्र थोडं थांबतो. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आल्यानंतरची ही पहिली लोकसभा, त्यामुळे कॉलेजची पोरं पहिल्यांदाच रांगेत होती. निवडून आले भाजपचे उत्तमराव नाना पाटील. नव्या पोरांना ते म्हातारे पुढारी वाटले असतील, पण नानांची कथा जुनी आहे. 1957 ला जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे, अवघे चार खासदार देशातून लोकसभेत गेले. एक बलरामपूरचे वाजपेयी, आणि एक धुळ्याचे उत्तमराव पाटील. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं ते. त्याच निवडणुकीत पूर्व खान्देशातून, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातून, नौशिर भरुचा नावाचे मुंबईचे पारशी वकील अपक्ष म्हणून निवडून आले होते, यावरून त्या वाऱ्याचा जोर समजा. नाना पुढे 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात महसूलमंत्री झाले. म्हणजे पहिल्या विजयानंतर 32 वर्षांनी ते परत लोकसभेत गेले, आणि ते आमच्या एरंडोलमधून. आजच्या राजकारणात एवढी वाट कोण बघतं?

1991 ला पुन्हा विजय नवल पाटील. 1996 पासून ओळीने चार वेळा भाजपचे अण्णासाहेब एम. के. पाटील, वाजपेयींच्या सरकारात ग्रामीण विकास राज्यमंत्री. यातली 1999 ची निवडणूक विधानसभेबरोबरच झाली. काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी वेगवेगळ्या लढल्या, मतं फुटली, तिकडे जास्त लिहिण्यासारखं नाही. मला आठवते ती केंद्रावरची धांदल. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. एक आजी दोन्ही कागद हातात धरून टेबलाशी परत आली: "भाऊ, दिल्लीना कागद कोनता?" मी म्हटलं, "आजी, पांढरा दिल्लीना, गुलाबी मुंबईना." पडद्याआड गेली ती बराच वेळ बाहेर येईना. मागची रांग कुरकुरू लागली तेव्हा आतून आवाज आला, "घाई करू नका, दोन सरकार निवडी रायनू!"

ही यादी देशाच्या निकालाशेजारी ठेवून बघा. 1977 जनता, 1980 काँग्रेस, 1989 ला व्ही. पी. सिंगांना बाहेरून टेकू देणारा भाजप, 1991 काँग्रेस, 1998-99 भाजप. 1996 चं भाजपचं सरकार 13 दिवसांचं, तेवढी सूट द्या; आणि 2004 ला दिल्ली काँग्रेसकडे गेली तरी एरंडोल भाजपकडेच राहिलं, तो एक अपवाद धरा. बाकी दिल्लीत ज्याची सरशी, त्याच बाजूचा खासदार एरंडोलचा. शेजारच्या जुन्या जळगावने मात्र 1989 ला काँग्रेसचे वाय. एस. महाजन, 1991 ला भाजपचे गुणवंतराव सरोदे आणि 1998 ला काँग्रेसचे उल्हास पाटील निवडून दिले. तिन्ही वेळा आमच्या उलट. एकाच जिल्ह्यातल्या या दोन जागा, पण पूर्वेचा पाणी असलेला केळीवाला आणि आमचा पावसावर कापूस लावणारा यांचं राजकारण दर वेळी एका वाफ्यात उगवलं नाही.

एकदा मात्र दोन्ही जागांचं नशीब अगदी सारखं निघालं, आणि तेही वाईट. डिसेंबर 2005 मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचं प्रकरण छुप्या कॅमेऱ्याने बाहेर काढलं. 23 डिसेंबरला 11 खासदारांची हकालपट्टी झाली. त्यात एरंडोलचे एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन, दोघेही. एका दिवसात अख्खा जिल्हा लोकसभेत बिनखासदाराचा! पारावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. जानेवारी 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हकालपट्टी कायम ठेवली, त्याच वर्षी पोटनिवडणुका झाल्या. जळगावला भाजपचे हरिभाऊ जावळे आले, एरंडोलला राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे. मोरे हे एरंडोलचे शेवटचे खासदार.

पाटी कशी बदलली याचा पुरावा 2009 मध्येच मिळतो. जळगावचे खासदार जावळे रावेरला उभे राहिले आणि जिंकले, कारण त्यांचा मतदार तिकडे होता. एरंडोलचे खासदार मोरे जळगावला उभे राहिले आणि पारोळ्याच्याच ए. टी. नाना पाटलांकडून हरले.

तेव्हा घरात कुणी म्हणालं की 1998 ला आपण उल्हास पाटलांना निवडून दिलं होतं, तर आधी गाव विचारा. भुसावळ किंवा यावल असेल तर ठीक. अमळनेर किंवा पारोळा असेल, तर ते नाव त्यांच्या मतपत्रिकेवरच नव्हतं.