शब्दांसाठी हेच पुस्तक कशाला?

"मॅडम, इंग्लिश सुधारायला असलं पुस्तक कशाला वाचायला लावताय? पोरगी काल धड जेवली नाही." सांगलीच्या विश्रामबागेत भाजी घेताना एका वडिलांनी मला थांबवून विचारलं. हा प्रश्न मला दर वर्षी येतो, कधी पालकांकडून, कधी स्टाफरूममधून. मेथीची जुडी हातात धरून याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहिते.

पुस्तक म्हणजे एली वीझेल या ज्यू लेखकाचं 'नाईट', नात्झी छावणीतल्या स्वतःच्या आठवणींचं. मी अकरावीला इंग्रजी शिकवते. अभ्यासक्रमात हे पुस्तक नाही. दिवाळीनंतर शनिवारच्या जादा तासाला आम्ही ते वाचतो आणि त्याच्याबरोबर वरच्या पातळीचे शब्द शिकतो. वीझेल यांचा जन्म १९२८चा, सिगेत गावातला. ते गाव आज रुमानियात आहे, युद्धाच्या काळात हंगेरीच्या ताब्यात होतं. मे १९४४मध्ये तिथल्या ज्यूंना गुरांच्या डब्यांत कोंबून, एकेका डब्यात ८० माणसं, आऊश्वित्झच्या मृत्यूछावणीत नेलं. वीझेल तेव्हा १५ वर्षांचे होते, माझ्या वर्गातल्या मुलांहून जेमतेम एक वर्षानं लहान. आई आणि धाकटी बहीण पहिल्याच रात्री कायमच्या दुरावल्या. वडील बुखेनवाल्डच्या छावणीत वारले, सुटकेला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते. नात्झींनी सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्यातली ही एका घरातली तीन माणसं.

पहिल्या वर्षी मी चुकले. पुस्तक एका बाजूला आणि वीस शब्दांची यादी दुसऱ्या बाजूला, असं शिकवलं. यादीत 'इमॅसिएटेड' होता, म्हणजे उपासमारीनं नुसता हाडांचा सापळा उरलेला. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर एका हुशार मुलानं लिहिलं, माझी आत्या डाएटिंग करून इमॅसिएटेड झाली. वर्ग हसला. व्याकरण चोख होतं, मी बरोबरची खूण केली. संध्याकाळी वह्या तपासताना तेच वाक्य पुन्हा समोर आलं, आणि त्याच्या वरच्याच ओळीत त्यानं छावणीतल्या बापाचं वर्णन उतरवून घेतलेलं होतं. मी कितीतरी वेळ ते पान उलटू शकले नाही. मुलाची चूक नव्हती. शब्द जिथून उचलला तिथलं काहीच त्याच्याबरोबर येऊ नये, अशीच माझी यादी होती.

मग पुस्तक पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, यातलं इंग्रजी मुळात सोपं आहे. शंभर-सव्वाशे पानं, छोटी वाक्यं. पाव, सूप, बर्फ, बाबा, रात्र. पुस्तकातल्या मुलाचे, म्हणजे वीझेलचे, शब्द पहिली-दुसरीतले आहेत. जड शब्द येतात ते बहुतेक हुकूम काढणाऱ्यांचे: एडिक्ट (फर्मान), डिपोर्टेशन (हद्दपारी), लिक्विडेशन (निकालात काढणं), इव्हॅक्युएशन. तेव्हापासून मी वहीच्या पानाला मधोमध घडी घालायला लावते. डावीकडे कचेरीचे शब्द, उजवीकडे त्या मुलाचे. डावीकडे 'घेटो (ज्यूंना कोंडलेली वस्ती) लिक्विडेट करणे' आलं, की प्रत्यक्षात काय झालं ते उजवीकडे साध्या शब्दांत लिहायचं: लोक बोचकी पाठीला लावून भर उन्हात रांगेत उभे राहिले, घरांची दारं उघडीच राहिली. हे लिहिताना मुलांना डाव्या बाजूचा शब्द जसा कळतो, तसा तो कुठल्याही शब्दकोशातून कळत नाही.

इव्हॅक्युएशनचंच घ्या. हा शब्द सांगलीच्या मुलांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती. इव्हॅक्युएट म्हणजे काय विचारलं की सांगतात: बोट येते, आधी म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेतात, गच्चीवरून उतरवतात. त्यांच्यासाठी तो जीव वाचण्याचा शब्द आहे. मग मी त्यांना सांगते की २० जानेवारी १९४२ला बर्लिनच्या वान्सी भागात नात्झी अधिकाऱ्यांची बैठक झाली, तिच्या टिपणात ज्यूंना मारायला नेण्यासाठी हाच शब्द आहे: पूर्वेकडे 'इव्हॅक्युएशन'. आणि जानेवारी १९४५मध्ये आऊश्वित्झ 'इव्हॅक्युएट' केलं, म्हणजे जवळपास ६०,००० कैद्यांना बर्फातून चालवत नेलं. जो मागे पडला त्याला गोळी घातली. वीझेल तेव्हा पायाच्या ऑपरेशनमुळे छावणीच्या दवाखान्यात होते. तिथे राहिलो तर मारतील, या भीतीनं बापलेक बाहेर पडले. जे दवाखान्यातच राहिले, त्यांची काही दिवसांतच रशियन फौजेनं सुटका केली. इथे वर्गात कोणी बोलत नाही. मीही बोलत नाही.

जेनोसाईड हा शब्द फळ्यावर लिहिला, त्या दिवशी तासगावकडच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे साईड म्हणजे फंगिसाईडमधलंच का?" फंगिसाईड म्हणजे बुरशीनाशक; घरची द्राक्षबाग, औषधाच्या बाटल्यांवर रोज वाचलेलं. तेच, म्हटलं. राफाएल लेमकिन या पोलंडच्या ज्यू वकिलानं १९४४मध्ये हा शब्द घडवला. ग्रीक 'जेनोस' म्हणजे वंश, आपल्या 'जन' या शब्दाचा तो लांबचा भाऊबंद. आणि लॅटिन 'साईड' म्हणजे मारणं. आऊश्वित्झच्या गॅस चेंबरमध्ये वापरलेलं झायक्लॉन बी हेसुद्धा मूळचं कीटकनाशकच. हे सांगितल्यावर त्या मुलानं पेन खाली ठेवलं.

(कोणीतरी दर वर्षी वळिवड्याचं विचारतंच: आपल्याकडेही छावणी होती ना? होती. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. पण ते बहुतेक कॅथलिक, आणि सोव्हिएत सत्तेनं सैबेरियात धाडलेले. ती वेगळी हकीकत आहे, तिची यात मिसळ करायची नाही.)

तुमची मुलगी जेवली नाही, याचं मला वाईट वाटलं. त्या शनिवारी आम्ही वडिलांच्या शेवटच्या रात्रीपाशी होतो. ती पानं मी कोणालाही घरी एकट्यानं वाचायला देत नाही, वर्गातच मोठ्यानं वाचते. त्या दिवशी यादी नसते, गुण नसतात. पुढच्या वेळी आधी तुम्हाला कळवेन. पण पुस्तक बदलणार नाही.

'सिलेक्शन'वर मात्र अजून माझं समाधान झालेलं नाही. छावणीत कोण कामाला आणि कोण मरायला, हे ठरवण्याचं ते नाव. मुलांना सिलेक्शन म्हणजे क्रिकेटच्या टीमचं माहीत, भरतीच्या यादीचं माहीत. मराठीत काय लिहायचं, विचारलं. निवड? निवड झाली की आपण पेढे वाटतो, म्हणून मुलांनीच तो शब्द खोडला. छाटणी द्राक्षबागवाल्यांना पटेना. छाटतात ते वेल जगावा म्हणून. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आजी तांदूळ निवडते, तसं निवडणं." आणि मग हळूच, "पण खडे काढून टाकताना आजी त्यांच्याकडे बघत पण नाही."

सगळ्यांनी उजव्या बाजूला 'निवडणे' लिहून घेतलं. मीही फळ्यावर तेच ठेवलं.